भेगेवरची काच

खिडक्या मोजण्यावरून दोन शहाणीसुरती माणसं भांडू शकतात, असं तीन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर मधलीने त्याला वेड्यात काढलं असतं. आता तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. रविवारी सकाळी साडेनऊ वाजता ती कारखान्याच्या अंगणात चहाचा थर्मास घेऊन उभी होती, आणि समोर पूलवाले आणि डॉक्टरीणबाई एकमेकांकडे पाठ करून आपापल्या तक्त्यात लिहीत होते.

"चौदा," पूलवाले स्वतःशीच म्हणाले, पण पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात.

"तेरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विटांनी बुजवलेली खिडकी म्हणजे भिंत. तिला खिडकी म्हणत नाहीत."

"तुम्ही दात उपटता, तेव्हा कार्डावर त्या जागेची नोंद करता की नाही?"

"करते. 'दात नाही' अशी करते."

"अहो, पण तुम्ही एकमेकांना आकडे सांगायचेच नाहीत!" मधली म्हणाली. "नियम काय आहे? दोघांनी वेगवेगळं बघायचं, वेगवेगळं लिहायचं, आणि पाकीट बंद होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. शंभर वेळा सांगितलंय मी."

"आम्ही आकडे कुठे सांगितले? आम्ही भांडलो," पूलवाले म्हणाले आणि त्यांनी चहासाठी कप पुढे केला.

आयुष्यभर पूल तपासून निवृत्त झालेल्या या इंजिनिअरला पथकात दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. डॉक्टरीणबाई दातांच्या. त्यांचा दवाखाना रविवारी बंद असे, म्हणून त्या इथे येत. असे बावीस जण पथकात होते. मोडकळीला आलेल्या जुन्या इमारती शोधायच्या, पाहायच्या, चार पानी तक्ता भरायचा आणि वारसा कार्यालयाकडे पाठवायचा, म्हणजे पाडण्याआधी निदान कोणीतरी थांबून विचार करेल, एवढंच काम. नकाशे काढण्याच्या नोकरीतून सुटल्यावर मधलीने हे पथक उभं केलं, तेव्हा तिला वाटलं होतं की इमारतींना वाचवणं जड जाईल. इमारतींचा काडीचा त्रास नव्हता. त्या बिचाऱ्या होत्या तिथे उभ्या राहत. नाकी नऊ आणले ते माणसांनी. एकाला शिडीची भीती, एकीला पालींची, आणि एक निवृत्त पोस्टमास्तर तर प्रत्येक तळघरात गुप्त भुयार शोधायचे आणि सापडलं नाही की तक्त्यात 'भुयार बुजवले असावे' असं लिहायचे.

तरी तीन वर्षांत एकशे चाळीस इमारती झाल्या होत्या. आजची एकशे एकेचाळिसावी, आणि ती तिच्या आजोबांनी बांधलेली होती. आपल्या नात्यातली इमारत आपण तपासायची नाही, हा नियम तिनेच केलेला. म्हणून आज साऱ्या पथकाची प्रमुख चहा वाटत होती.

आतमध्ये लांब टेबलापाशी घरची मंडळी बसली होती. तिघा भावंडांतला थोरला, दादा, हातातलं घड्याळ दर पाच मिनिटांनी बघत होता. वहिनींनी येताना कापड आणून टेबल आधी पुसून घेतलं होतं, कारण या जागेत बसायचं तर दुसरा उपाय नव्हता. धाकटी रात्रभर प्रवास करून आली होती आणि आल्यापासून दोघांचंही बोलणं ऐकून दोघांनाही "हो" म्हणत होती. मधलीला या "हो"चा लहानपणापासून संताप होता.

तराजूच्या या कारखान्यावर तिघांची मालकी होती आणि संरक्षणाच्या अर्जावर तिघांच्या सह्या लागत होत्या. दादाकडे जागा घेणारा माणूस दीड वर्ष येरझाऱ्या घालत होता. त्याला जमीन हवी होती, वरचं काही नको होतं. दोन महिन्यांपूर्वी वहिनींच्या वाढदिवशी, केक कापायच्या आधीच, दादा आणि मधलीची जुंपली होती. शेवटी दादा म्हणाला होता, "उत्तरेची भिंत हललेली नाही हे मला कागदावर दाखव. मी सही करतो. पण हलली असेल, अगदी केसभर जरी, तर मग तुझ्या पथकाने आमच्या घरात नाक खुपसायचं नाही." सगळ्यांसमोर दिलेला शब्द होता. दादा शब्दाचा पक्का होता, तो त्याचा एकमेव सोयीचा दुर्गुण, असं मधली म्हणत असे.

आणि तिच्याकडे कागद होता.

उत्तरेच्या भिंतीवर, वरच्या कडीपाटापासून खिडकीच्या कमानीपर्यंत एक भेग उतरली होती. तीन वर्षांपूर्वी मधलीने त्या भेगेवर बोटभर रुंदीची काचेची पट्टी आडवी बसवली होती, दोन्ही टोकांना प्लॅस्टरचा गोळा, काचेवर तारीख. ही पथकाची सगळ्यात साधी युक्ती. भिंत केसभर सरकली तरी काच लवत नाही, तडकन फुटते. फुटली तर भिंत चालते आहे, शाबूत असली तर भिंत थांबली आहे. आपली इमारत म्हणून वाचन पूलवाल्यांकडे दिलेलं. ते दर महिन्याच्या एक तारखेला येत, मान वर करून बघत आणि वहीत 'अखंड' असं लिहीत. छत्तीस महिने, छत्तीस वेळा 'अखंड'. उद्या चार वाजेपर्यंत तक्ता आणि अर्ज कार्यालयात पोचला की कारखाना यादीत चढणार होता. मधलीला गेले आठ दिवस झोप नीट लागली नव्हती. बाकीच्या एकशे चाळीस इमारती वाचल्या आणि ही गेली, तर तिला ते सोसलं नसतं, आणि हे ती कोणाजवळ बोललीही नव्हती.

त्या भेगेखाली, उत्तरेच्या उजेडात, काकांचं बाक होतं. वडिलांचे धाकटे भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर, लग्न केलेलं नाही. एकोणिसाव्या वर्षी ते त्या बाकावर बसले ते अजून उठले नव्हते. सोनाराचे, औषधवाल्यांचे, शाळांच्या प्रयोगशाळेतले जुने काटे अजून त्यांच्याकडे दुरुस्तीला येत. मृत्युपत्रात वडिलांनी लिहून ठेवलं होतं की काका आहेत तोवर बाक तिथून हलवायचं नाही, आणि त्या एका वाक्यावरून घरात किती वादळं झाली होती ते सगळ्यांना पाठ होतं.

"काका, हेल्मेट घाला," मधली आत येत म्हणाली. "आज पाहणी चालू आहे. इथे सगळ्यांनी घालायचं असतं."

"साठ वर्षं मी या छपराखाली बसतोय. छप्पर मला ओळखतं," काका म्हणाले. चिमट्यात धरलेलं वाटाण्याएवढं वजन त्यांनी पारड्यात ठेवलं आणि श्वास रोखला. "आणि बोलू नकोस. काटा हलतो."

"ऐकलंस?" दादा टेबलावरून म्हणाला. "इथे बोललं की काटा हलतो. घरातल्या माणसांना गप्प बसवायला याच्याहून चांगली जागा नाही. राहू दे हेल्मेट. तू कागद आण, मी मोकळा होतो."

"पाकिटं बंद झाल्याशिवाय कागद नाही."

"कोणाचा नियम?"

"माझा."

"मग प्रश्नच मिटला," दादा म्हणाला, आणि वहिनींकडे बघून त्याने डोळे फिरवले. धाकटी हसली. मधलीकडे लक्ष जाताच तिने हसू आवरलं.

थोड्या वेळाने काका हात धुवायला मागच्या नळावर गेले. डॉक्टरीणबाई शिडीवर चढल्या होत्या. त्यांच्याकडे दवाखान्यातला लांब दांडीचा गोल आरसा असे. भेगांच्या मागे बघायला त्या तो वापरत, आणि पूलवाल्यांना त्याचा भयंकर राग येई. डॉक्टरीणबाईंनी तो आरसा काचेच्या पट्टीमागे धरला, बराच वेळ धरला, मग खाली बघून हळू आवाजात हाक मारली.

"ताई, जरा वर येता? त्या स्टुलावर या. हळू."

मधली स्टुलावर चढली. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावली.

"काच शाबूत आहे. ते मी लिहिलंय. पण हे भरण नवीन आहे."

"भरण?"

"हे प्लॅस्टर हो. तीन वर्षांचं प्लॅस्टर इतकं पांढरं राहत नाही, आणि या भिंतीवर तर बघा, हात लावला की काजळी निघते. शिवाय इथे बाजूला जुन्या प्लॅस्टरच्या कडा आहेत. खरवडून काढलेल्या. एकदा नाही, बऱ्याच वेळा. फार सफाईने केलंय कोणीतरी. असा हात असलेला माणूस मला दवाखान्यात मिळाला तर मी त्याला सोडणार नाही."

मधलीला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. तिने काचेवरची तारीख बघितली. तारीख तीन वर्षांपूर्वीचीच होती. अक्षर तिचं स्वतःचं. चाराच्या आकड्याला ती जी शेपूट काढते, तीसुद्धा होती.

"तक्त्यात प्रश्न एवढाच आहे," डॉक्टरीणबाई अगदी कुजबुजत म्हणाल्या, "काच अखंड आहे का. मी लिहिलंय, आहे. ते खोटं नाही. पुढचं तुमच्या घरचं आहे. तुम्ही ठरवा." आणि त्या शिडीवरून उतरून अंगणात गेल्या, खिडक्या पुन्हा मोजायला.

मधली स्टुलावरच उभी राहिली. टेबलाशी दादा पेनाचं टोपण काढून बसला होता. धाकटी वहिनींना प्रवासातल्या कोणाच्या तरी घोरण्याची नक्कल करून दाखवत होती. कोणाच्याही ध्यानीमनी काही नव्हतं. तिला एवढंच करायचं होतं की स्टुलावरून उतरायचं, पाकिटं घ्यायची आणि टेबलावर ठेवायची. सही झाली असती. कारखाना यादीत गेला असता. मग सावकाश, कोणाला न सांगता, भिंतीचं काहीतरी बघता आलं असतं. हा विचार तिला आला आणि तो इतका सोपा होता की तिला स्वतःचीच चीड आली.

काका पंचाला हात पुसत परत आले. "उतर खाली. ते स्टूल तीन पायांवर उभं आहे, चौथा नावाला."

"काका," ती उतरून अगदी जवळ जाऊन म्हणाली, "ही काच कोणी बदलली?"

"मी," काका म्हणाले. लपवाछपवी नाही, काही नाही. उलट चेहरा उजळलाच. "कळलं तुला? कशावरून कळलं? वजन तर बरोबर आहे."

"वजन?"

"चार ग्रॅम सहाशे ऐंशी. पहिली तेवढ्याची होती. नव्या काचा थोड्या जड येतात, कडेने घासाव्या लागतात." त्यांनी बाकाखालून वजनांची जुनी लाकडी पेटी काढली. आत मखमलीत खड्डे होते, पूर्वी त्यात पितळी वजनं बसत. आता प्रत्येक खड्ड्यात एक कागदाची पुडी होती. प्रत्येक पुडीवर काकांच्या बारीक अक्षरात तारीख. "फुटलेलं टाकायचं नाही, हा आपल्या कारखान्याचा कायदा. बदललेला भाग गिऱ्हाइकाला दाखवता आला पाहिजे."

मधलीने पुड्या मोजल्या. नऊ होत्या. तारखा वाचल्या. पहिल्या वर्षात एक. दुसऱ्या वर्षात तीन. या वर्षात पाच, आणि शेवटची गेल्या मंगळवारची. भिंत नुसती चालत नव्हती, तिने वेग धरला होता. आणि तिच्या पायाशी हा माणूस रोज सकाळी नऊला येऊन श्वास रोखून बसत होता.

"आणि तारीख? माझ्या अक्षरात?"

"दुरुस्त केलेला काटा आधीसारखाच दिसायला हवा. नाहीतर दुरुस्ती कसली?"

कपाळाला हात लावावा की पेटी उचलून आपटावी, हेच तिला कळेना. मग तिने पेटी उचलली, पण आपटली नाही. ती घेऊन ती टेबलापाशी गेली आणि दादाच्या कागदांवर ठेवली.

"पेन बंद कर," ती म्हणाली.

"आता काय? अजून एखादा नियम?"

"भिंत हलते आहे. काच नऊ वेळा फुटली. काकांनी प्रत्येक वेळी बदलली. या तारखा."

सगळे एकदम बोलायला लागले.

"नऊ वेळा?" धाकटी उभी राहिली. "अगं, मी याच्यावर सही करायला रात्रभर बसून आले! तू मला फोनवर सांगितलंस, भिंत ठणठणीत आहे. शपथ घेतल्यासारखं सांगितलंस!"

"मला तेव्हा तेच माहीत होतं."

"तुझं पथक काय करत होतं मग? ते दर महिन्याला येणारे—"

अंगणातून गोंगाट ऐकून पूलवाले आत आले होते. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. "छत्तीस वेळा मी स्वतः बघितलंय. काच अखंड होती. मी शब्द देतो."

"काच अखंडच होती," डॉक्टरीणबाई त्यांच्या मागून म्हणाल्या. "तुम्ही काच बघितलीत. हिरडी नाही बघितली."

पूलवाल्यांनी पेटीतली एक पुडी उघडली, तारीख वाचली, खिशातली वही काढून ताडून बघितली आणि ते खुर्चीवर बसले. त्यांना असं बसलेलं आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे माझंच खरं होतं," दादा म्हणाला. आवाजात विजय होता, अगदी तीन-चार सेकंद. "दीड वर्ष मी घसा कोरडा करून सांगतोय, ही इमारत उतरवायला हवी. तर मी खलनायक. मला जुन्याची किंमत नाही. मला बापाची—" तो थांबला. त्याने पुड्यांकडे बघितलं, मग भेगेकडे, मग भेगेखालच्या बाकाकडे. त्याचा चेहरा उतरला. "काका तिथे बसतात," तो म्हणाला.

"हो."

"रोज बसतात!" आणि मग तो काकांवर ओरडला, इतक्या जोरात की बाकावरच्या काट्यांची पारडी किणकिणली. "काका! तुम्हाला कळत नाही? नऊ वेळा काच फुटते, तर एकदा तोंड उघडावंसं वाटत नाही? उद्या हे सगळं डोक्यावर आलं असतं म्हणजे? आम्ही काय करायचं होतं?"

"अहो, हळू," वहिनी म्हणाल्या.

"हळू काय हळू! या घरात सगळं हळूच चालतं. एकाने काच बदलायची, एकीने 'अखंड' लिहून घ्यायचं, आणि भिंत आपली चालली आहे!"

"काकांवर ओरडू नकोस," मधली म्हणाली.

"मग कोणावर ओरडू? तुझ्यावर?"

"हो. माझ्यावर ओरड."

काका पंचाची घडी घालत उभे होते. त्यांनी ती पूर्ण घातली, बाकाच्या कोपऱ्यावर ठेवली, आणि मग ते मधलीकडेच बघून बोलले. बाकीच्यांकडे त्यांनी बघितलं नाही.

"तू मला म्हणालीस, काका, हिला हात लावू नका. मी लावला नाही. पाच महिने. मग एकदा सकाळी आलो तर फुटलेली. मला वाटलं, माझ्या ठोक्याने फुटली. मी त्या दिवशी बाकावर ठोकत होतो. तुझी मोजायची वस्तू, तू इतकी जपतेस, आणि मी फोडली. सांगायचं कोणत्या तोंडाने? म्हटलं, तशीच्या तशी करून ठेवू. मग परत फुटली. मग मी ठोकायचं काम बंदच केलं. नुसतं वजनाचं काम घ्यायला लागलो. तरी फुटायची." त्यांनी पंचाची घडी सरळ केली. "मला कोणी सांगितलंच नाही, की ती फुटण्यासाठी लावली आहे."

बावीस माणसांना मधलीने हे शिकवलं होतं. फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं, शाळांत जाऊन शिकवलं होतं, एकदा वारसा कार्यालयातल्या साहेबांनाही शिकवलं होतं. भिंतीखाली बसणाऱ्या माणसाला तिने फक्त 'हात लावू नका' एवढंच सांगितलं होतं. ठोकायचं काम त्यांनी का सोडलं, हे विचारायलाही तिला दीड-दोन वर्षांत सवड झाली नव्हती. तिला रडू आलं, आणि पथकासमोर रडू आल्याचा रागही आला.

दादा उठला. त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बाकाचं एक टोक धरलं. "उचला," तो पूलवाल्यांना म्हणाला. "बघत काय बसलात? पलीकडच्या भिंतीला न्यायचं."

"मृत्युपत्रात लिहिलंय—" काका म्हणाले.

"मृत्युपत्र मला पाठ आहे. वर गेल्यावर मी बाबांना उत्तर देईन. तुम्ही आधी त्या भिंतीखालून निघा."

बाक हललं तेव्हा त्याच्या पायांखाली चार फिकट चौकोन उरले. वहिनी काटे एकेक करून हातात घेऊन नेत होत्या, आणि काका प्रत्येक वेळी "आडवा नको, आडवा नको" असं म्हणत त्यांच्या मागे-पुढे होत होते. धाकटीने स्टूल नेलं. ते खरंच तीन पायांवर उभं होतं.

मग मधली टेबलाशी बसली आणि तिने डॉक्टरीणबाईंचा तक्ता उलटून मागच्या कोऱ्या बाजूला नऊ तारखा लिहिल्या, दोन्ही पाहणाऱ्यांच्या सह्या घेतल्या, आणि धोक्याच्या रकान्यात 'तातडीचा' असं लिहिलं. आपल्या हाताने आपण हे लिहू असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"आता काय होईल?" धाकटीने विचारलं.

"आता दोन गोष्टी होऊ शकतात. एक, कार्यालय पाडायचा हुकूम काढेल. दुसरी, मालकांनी मिळून अर्ज केला तर भिंतीला टेकू लावून सहा महिने देतात. रोज कोणीतरी काच बघायची आणि लिहायची. सहा महिन्यांत भिंत थांबली तर दुरुस्तीचं बघतात." तिने दुसरा कागद काढला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. "तिघांच्या सह्या लागतात. मी आग्रह करणार नाही. तुझी अट होती, केसभर जरी हलली तर नाही. हलली आहे."

दादा कपाळ पुसत उभा होता. त्याने कागद वाचला. मग तो मधलीकडे बघत राहिला.

"डॉक्टरीणबाईंनी हे तुला एकटीलाच सांगितलं होतं?"

"हो."

"मी सही करून मोकळा झालो असतो. मला कळलंही नसतं."

"नसतं कळलं."

"मग?"

"काका तिथे बसतात ना," ती म्हणाली.

दादाने "हं" केलं. खुर्ची ओढली. पेन शोधलं, ते त्याच्या स्वतःच्याच हाताखाली होतं, आणि त्यावरूनही तो वैतागला. "सहा महिने," तो म्हणाला. "एक दिवस जास्त नाही. त्या माणसाला मी काय सांगणार आहे देव जाणे. आणि टेकू लावणारी माणसं मी बघेन. तुझं पथक खिडक्या मोजू दे." त्याने सही केली. धाकटीने विचारलं, "मी कुठे करू?" आणि या वेळी तिने न म्हणताच दिलेल्या "हो"चा मधलीला राग आला नाही.

दुपारपर्यंत मंडळी पांगली. पूलवाले जाताना काकांसमोर उभे राहिले आणि हात जोडून निघून गेले. खिडक्यांचा वाद तसाच राहिला. एका तक्त्यात चौदा होत्या आणि दुसऱ्यात तेरा.

काकांनी नवी काच घासून ठेवली होती. मधली हेल्मेट घालून शिडीवर चढली, जुनी काढली, नवी बसवली, आणि तिच्यावर आजची तारीख घातली. काका पलीकडच्या भिंतीपासून बघत होते. एवढ्या लांबून त्यांनी ती भेग कधी पाहिलीच नव्हती.

"ही फुटली तर बदलायची नाही," ती खाली उतरून म्हणाली.

"नाही."

"तशीच ठेवायची. तारीख लिहायची. आणि लगेच मला हाक मारायची."

काकांनी मान हलवली. मग थोडा विचार करून म्हणाले, "हाक मारीन. पण तू असतेस कुठे?"

दुपारी तीनला तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला एक जुनी पाणटाकी बघायला जायचं होतं. पोस्टमास्तर तिथे कधीचे जाऊन बसले असतील आणि भुयार शोधत असतील. तिने फोन काढला, त्यांना सांगितलं की आज येणार नाही, आणि त्यांची कुरकुर पूर्ण ऐकूनही घेतली नाही.

मग तिने अर्ज पुन्हा उघडला. 'रोजची पाहणी कोण करील' या रकान्यात तिने सह्या होतानाच स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं. ते तिने खोडलं आणि तिथे काकांचं नाव लिहिलं. नात्यातला माणूस नको, हा नियम तिचाच होता, म्हणून खाली समासात एक ओळ घातली, की हा अपवाद पथकप्रमुखाच्या जबाबदारीवर आहे, आणि पथकप्रमुख रोज सकाळी नऊला हजर राहील.

काकांनी चष्मा पुढे ओढून ते सगळं दोनदा वाचलं. आपल्या नावावर थोडा वेळ बोट ठेवलं. मग त्यांनी टेबलावरचं हेल्मेट उचललं, सवयीने हातात तोलून बघितलं, आणि डोक्यावर घातलं.

"साडेतीनशे ग्रॅम," ते म्हणाले. "उद्या नऊला ये. उशीर करू नकोस."